रात्रीचा रिकामा कॉम्प्युटर आणि बाबांची सही

बाबांचा चेक परत आला तेव्हा आम्ही आधी बँकेलाच नावं ठेवली. खात्यात पैसे होते, तारीख बरोबर होती, अक्षरी आणि अंकी रक्कम जुळत होती. सोबतच्या छापील चिठ्ठीवर मात्र एका ओळीपुढे खूण केलेली: सही जुळत नाही. बाबा चिडले. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याची नोकरी केलेला माणूस. त्यांच्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नसे. त्यांनी कपाटातून जुन्या कागदांची फाइल काढली आणि जुनी सही नव्या सहीशेजारी ठेवली. अक्षरं तीच, क्रम तोच, शेवटचा फराटाही तिथेच. पण जुनी सही चांगली ऐसपैस होती आणि नवी तिच्या निम्मीही नव्हती. सुरुवातीचं अक्षर त्यातल्या त्यात मोठं, पुढची एकेक करून आक्रसत गेलेली.

काही महिन्यांनी पार्किन्सन्सचं, म्हणजे हालचाली मंदावत नेणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान झालं. अक्षर बारीक होत जाणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. बँकेतल्या माणसाला ते आमच्याआधी दिसलं होतं, एवढंच.

त्यानंतर मी रात्री कॉम्प्युटर बंद करणं सोडलं. मी व्हिडिओ एडिटिंगची कामं करते, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरमध्ये बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आहे. मी झोपले की ते रिकामं. आता त्या वेळात ते प्रथिनांच्या हालचालींची गणितं सोडवतं आणि उत्तरं एका संशोधन प्रकल्पाकडे पाठवतं. हे ऐकल्यावर लोक दोन प्रश्न विचारतात. एक, म्हणजे तो कॉम्प्युटर रात्रभर नक्की करतो काय? आणि दोन, त्याने बाबांना काय फायदा? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: काही नाही. पहिल्याचं लांबलचक आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात प्रथिनापासून करावी लागेल. प्रथिन म्हटलं की आपल्याला आहाराचा तक्ता आठवतो, पण पेशीच्या आत प्रथिनं म्हणजे कामगार. ऑक्सिजन वाहून नेणारी, अन्न फोडणारी, दार उघडणारी, दार लावणारी, निरोप पोचवणारी, कचरा काढणारी, सगळी कामं तीच करतात. प्रत्येक प्रथिन ही मुळात एक माळ असते. मणी २० प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. कोणता मणी कितवा हे आपल्या जनुकांत लिहिलेलं असतं. पण माळ नुसती लांबलचक राहून काही कामाची नाही. तयार होता होता ती वळते, मुडपते, स्वतःभोवती गुंडाळते आणि एका ठराविक आकारात बसते. त्या आकारावर तिचं काम ठरतं. आकार चुकला की प्रथिनाला पेशीत कोणी ओळखत नाही. मणी तेच, क्रम तोच, तरी सही जुळत नाही.

एक मणी इकडचा तिकडे झाला तरी किती फरक पडतो, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यातला फक्त सहावा बदलला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात आणि गोल लाल पेशी कोयत्यासारखी वाकडी होते.

बाबांच्या आजारातलं प्रथिन आहे अल्फा सिन्यूक्लिन. मणी १४०. त्याचा स्वभाव जरा वेगळा: एरवी त्याला धड ठरलेला आकारच नसतो, ते मोकळ्या दोऱ्यासारखं वळवळत असतं. पार्किन्सन्समध्ये या दोऱ्यांचा गुंता होतो आणि मेंदूतल्या पेशींमध्ये त्याच्या गाठी साठतात. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली असे गोळे पाहिले आणि त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना लेवी बॉडीज म्हणतात. ते कोणत्या प्रथिनाचे आहेत हे कळायला मात्र १९९७ उजाडलं. हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामिन बनवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. १९६०च्या दशकापासून वापरात असलेलं लेव्होडोपा हे औषध ती तूट भरून काढतं. बाबाही तेच घेतात, आणि गोळीचा असर असतो तेवढा वेळ शर्टाची बटणं त्यांची ते लावतात. पण पेशी मरायच्या थांबत नाहीत. थांबवायच्या तर तो गुंता कसा सुरू होतो हे कळायला हवं.

इथे अडचण येते. प्रथिनाची माळ वळते ती आपल्या डोळ्यांना तर सोडाच, उपकरणांनाही सहज दिसत नाही. प्रयोगशाळेत प्रथिनाचा स्फटिक करून किंवा ते गोठवून त्याचं चित्र काढता येतं, पण ते चित्र म्हणजे स्तब्ध उभं राहून काढलेला फोटो. मधल्या हालचाली त्यात नसतात. मग वैज्ञानिक दुसरा मार्ग घेतात: ती हालचाल कॉम्प्युटरमध्ये घडवून बघायची.

कल्पना साधी आहे. प्रथिनातला प्रत्येक अणू आणि भोवतीच्या पाण्यातला प्रत्येक अणू कुठे आहे, ते कॉम्प्युटरला सांगायचं. कोण कोणाला ओढतो, कोण कोणाला ढकलतो, याचे नियम द्यायचे. कॉम्प्युटर सगळ्यांवरचं बळ काढतो आणि प्रत्येकाला एक बारीकसं पाऊल पुढे सरकवतो. मग पुन्हा बळ, पुन्हा पाऊल. एका छोट्या प्रथिनासाठीसुद्धा पाणी धरून हजारो अणू होतात, मोठ्यासाठी लाखो.

मेख पावलाच्या मापात आहे. अणू इतक्या वेगाने थरथरतात की पाऊल फार लहान ठेवावं लागतं, साधारण २ फेम्टोसेकंदांचं. एका सेकंदाचे एकावर १५ शून्यं इतके तुकडे केले की त्यातला एक तुकडा म्हणजे फेम्टोसेकंद. आणि प्रथिनांच्या कितीतरी महत्त्वाच्या हालचालींना मिलिसेकंद लागतो. मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे आपल्या दृष्टीने काहीच नाही, पण २ फेम्टोसेकंदांच्या पावलांनी तिथवर जायचं तर ५० हजार कोटी पावलं टाकावी लागतात. एका पावलाला एक सेकंद लागता तर हा प्रवास जवळपास १६ हजार वर्षं चालला असता. कॉम्प्युटर अर्थातच खूप वेगवान आहे. तरी एखादं ग्राफिक्स कार्ड मध्यम आकाराच्या प्रथिनाचे दिवसाला २०० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा दहा लाखावा भाग) उरकतं असं धरलं, तर एका मिलिसेकंदाला साडेतेराहून जास्त वर्षं लागतात. एका कार्डाला, एका प्रथिनाच्या, एका मिलिसेकंदाला.

मग काम वाटून द्यावं, असं कोणीही म्हणेल. पण ते इतकं सरळ नाही. दुसरं पाऊल पहिल्यावर अवलंबून असतं, तिसरं दुसऱ्यावर. हजार कॉम्प्युटर आणले म्हणून हजारावं पाऊल आधी टाकता येत नाही. हे मला समजायला बराच वेळ लागला. माझ्या कामात एका व्हिडिओचे तुकडे करून ते वेगवेगळ्या मशिनांवर रेंडर करता येतात, कारण फ्रेम नंबर ५००ला फ्रेम नंबर ४९९ची वाट बघावी लागत नाही. इथे बघावी लागते.

यातून काढलेली वाट मला फार आवडते, म्हणून जरा रेंगाळते. समजा एक मोठा, अनोळखी डोंगराळ मुलूख आहे आणि तुम्हाला त्याचा नकाशा हवा आहे. दऱ्या कुठे, खिंडी कुठे, कोणत्या दरीतून कोणत्या दरीत माणूस किती वेळा जातो. एक मार्ग असा, की एकाच माणसाला आत सोडायचं आणि तो सगळं फिरून येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. गंमत अशी की त्याचा बहुतेक वेळ एकाच दरीत घुटमळण्यात जाणार, आणि खिंड तो कधीतरी अवचित ओलांडणार. दुसरा मार्ग: हजारो माणसांना वेगवेगळ्या जागी उतरवायचं, प्रत्येकाने फक्त काही मिनिटं चालायचं आणि कुठून कुठे गेलो ते लिहून पाठवायचं. एकेक टिपण अगदीच तोकडं. पण हजारो टिपणं जोडली की कोणत्या दरीतून कुठे वाट निघते ते दिसू लागतं. ज्या भागातून टिपणं कमी आली तिथे पुढच्या फेरीला जास्त माणसं उतरवायची. इथे दरी म्हणजे प्रथिनाचा एखादा आकार, आणि एकेक माणूस म्हणजे कॉम्प्युटरवर चालवलेली एकेक छोटी हालचाल. संख्याशास्त्रात अशा नकाशाला मार्कोव्ह स्टेट मॉडेल म्हणतात. त्यामुळे एका अजस्र मशिनाऐवजी घरोघरचे रिकामे कॉम्प्युटर चालतात.

फोल्डिंग ॲट होम हा प्रकल्प नेमका हेच करतो. ऑक्टोबर २०००मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांच्या गटाने तो सुरू केला. आता त्याचं नेतृत्व ग्रेग बोमन करतात. बोमन यांची दृष्टी लहानपणीच एका आनुवंशिक आजाराने बरीचशी गेली, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. त्या आजाराच्या मुळाशीही एक बिघडलेलं प्रथिनच आहे.

तुम्ही त्यांचा प्रोग्राम उतरवून घेतला की त्यांचा सर्व्हर तुमच्याकडे कामाचा एक तुकडा पाठवतो. त्याला वर्क युनिट म्हणतात. तुमचा कॉम्प्युटर तो काही तासांत, कधी दिवसभरात सोडवतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा मागतो. प्रोग्रामच्या नोंदींमध्ये प्रत्येक तुकड्यापुढे तीन आकडे दिसतात: रन, क्लोन आणि जेन. पहिले कित्येक आठवडे मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. रन म्हणजे कोणत्या जागेपासून सुरुवात केली. क्लोन म्हणजे त्याच जागेवरून, पण अणूंना वेगळे धक्के देऊन सोडलेला कितवा प्रवासी. आणि जेन म्हणजे त्या प्रवाशाच्या वाटेतला कितवा टप्पा. माझ्याकडे जेन २१२ आला, याचा अर्थ त्या प्रवाशाचे आधीचे सगळे टप्पे कोणी कोणी करून ठेवलेत. मी हा परत केला की सर्व्हर त्यातून जेन २१३ तयार करणार आणि दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवणार.

हे कळल्यावर माझी एक सवय बदलली. आधी मी सकाळी उठून, काम ९० टक्क्यांवर असलं तरी, धडाधड प्लग काढायची. आता तुकडा संपू देते, किंवा निदान प्रोग्रामला नीट थांबायला सांगते, म्हणजे तो जिथवर आला तिथपासून रात्री पुढे सुरू होतो. माझ्याकडे तुकडा पडून राहिला तर त्या वाटेवर पुढचा माणूस निघूच शकत नाही. ठराविक मुदतीत परत आला नाही तर सर्व्हर तोच तुकडा दुसऱ्याला देतो. लवकर परत करणाऱ्याला जादा गुण मिळतात तेही याचसाठी. हो, गुण मिळतात. पैसे नाही, बक्षीस नाही, नुसते गुण. त्यांची चढाओढ लागते, संघ असतात, तक्ते असतात. मला आधी हे पोरकट वाटलं होतं. आता रोज आकडा बघते.

फोल्डिंग ॲट होम एकटं नाही आणि पहिलंही नाही. १९९९मध्ये बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सेटी ॲट होम सुरू केलं होतं. परग्रहावरून कोणी हाक मारतंय का, हे रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत शोधण्यासाठी लाखो लोकांनी आपले कॉम्प्युटर दिले. त्या अनुभवातून बॉइंक हा खुल्या स्वरूपाचा प्रोग्राम तयार झाला. तो एकदा घेतला की त्यावर अनेक संशोधन प्रकल्पांना काम देता येतं. त्यातलं वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड आयबीएमने २००४मध्ये सुरू केलं, पुढे ते टोरोंटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेलं. डेव्हिड बेकर यांच्या गटाचं रोझेटा ॲट होम २००५पासूनचं. बेकर यांना कॉम्प्युटरच्या मदतीने नवीन प्रथिनं रचण्यासाठी २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. बॉइंकवरच्या अनेक प्रकल्पांत एकच तुकडा दोन वेगवेगळ्या घरी पाठवतात आणि उत्तरं ताडून बघतात, कारण कोणाच्या मशिनात काय बिघाड असेल सांगता येत नाही. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना या सगळ्यात रस वाटला. "मग ठीक आहे," म्हणाले.

आता मुद्द्याचं: यातून निघालं काय?

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगावर एक जपानी गट काम करत होता. सुमारे ३० लाख रेणूंमधून औषध होण्याजोगे रेणू त्यांना शोधायचे होते. घरोघरच्या कॉम्प्युटरांनी चाळणी लावली आणि २०१४मध्ये ७ रेणू हाती लागले, जे प्रयोगशाळेत त्या पेशींवर चालले. एकेक रेणू परीक्षानळीत तपासत बसलं असतं तर काय झालं असतं, हा हिशेब बाबांनीच करायचा.

दुसरं उदाहरण कोविडचं. मार्च २०२०मध्ये अचानक जगभरचे लोक फोल्डिंग ॲट होमकडे धावले. इतके, की सर्व्हरांना तुकडे बनवायला वेळ पुरेना आणि लोकांचे कॉम्प्युटर कामाची वाट बघत बसले. १० लाखांहून जास्त लोक जोडले गेले आणि सगळ्यांची मिळून ताकद एक्साफ्लॉपच्या पलीकडे गेली. म्हणजे सेकंदाला एकावर १८ शून्यं इतकी आकडेमोड. एकाच छपराखालच्या महासंगणकाने हा टप्पा गाठला तो २०२२मध्ये, अमेरिकेतल्या फ्रंटियरने. त्याच्या दोन वर्षं आधी तो गाठला होता झोपलेल्या माणसांच्या कॉम्प्युटरांनी.

त्या ताकदीवर विषाणूच्या प्रथिनांचा सगळा मिळून ०.१ सेकंदाचा वावर तपासला गेला. ०.१ सेकंद ऐकून हसू येईल, पण वरचा साडेतेरा वर्षांचा हिशेब आठवा. तो एका मिलिसेकंदाचा होता, आणि हे त्याच्या शंभरपट. त्यात ५०हून जास्त लपलेले खिसे सापडले. खिसा ही यातली कळीची गोष्ट. बहुतेक औषधं प्रथिनाच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या खाचेत जाऊन बसतात आणि त्याचं काम अडवतात. फोटोत गुळगुळीत दिसणारं प्रथिन हलताना क्षणभर अंग मुरडतं आणि तेव्हा एखादा खिसा उघडतो. तो फोटोत सापडत नाही, हालचालीतच दिसतो. ज्या प्रथिनांवर "औषध बसायला जागाच नाही" म्हणून काट मारलेली असते, त्यांच्यासाठी असा खिसा म्हणजे नवी दिशा.

याच काळात कोविड मूनशॉट नावाचा खुला उपक्रम चालला. जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी रेणू सुचवायचे, त्यातले कोणते विषाणूच्या प्रथिनाला घट्ट धरतील याचा अंदाज फोल्डिंग ॲट होमवर काढायचा, आणि निवडक रेणू बनवून तपासायचे. सगळी माहिती खुली, पेटंट नाही. सायन्स नियतकालिकात २०२३मध्ये हे काम छापून आलं. मात्र चांगला रेणू मिळणं आणि गोळी हातात येणं यांत वर्षांचं अंतर असतं. प्राण्यांवरच्या चाचण्या, माणसांवरच्या चाचण्या, आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. कोणी तुम्हाला "तुमच्या कॉम्प्युटरने औषध शोधलं" असं सांगत असेल तर त्यातलं निम्मं सोडून द्या. कॉम्प्युटर कुठे खणायचं ते सुचवतो. खणावं प्रयोगशाळेलाच लागतं.

"आता एआयने प्रथिनांचा प्रश्न सोडवला ना, मग हे कशाला?" हा प्रश्न मलाही पडला होता. अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामने २०२०मध्ये माळेवरून आकार ओळखण्यात मोठी झेप घेतली, २०२२मध्ये २० कोटींहून जास्त प्रथिनांचे आकार सगळ्यांसाठी खुले केले, आणि त्याच्या कर्त्यांना २०२४चं नोबेल बेकर यांच्यासोबतच मिळालं. पण पुन्हा तेच: तो प्रामुख्याने फोटो आहे, फार उत्तम आणि झटपट मिळणारा. प्रथिन त्या आकारात कसं पोचतं, मध्ये कुठे वाकतं, खिसा कधी उघडतो, हे अजून पावलापावलानेच बघावं लागतं. आणि अल्फा सिन्यूक्लिनसारखं प्रथिन, ज्याला ठरलेला आकारच नाही, त्याचा एक फोटो काढून काय करणार? एआयमुळे या कामाची सुरुवात सोपी झाली, कारण पहिला फोटो आता हाताशी असतो.

आता कारणांकडे वळते. संघांची नावं वाचत बसलं की लक्षात येतं, लोक किती वेगवेगळ्या वाटांनी इथे येतात. कित्येकांनी गेलेल्या माणसाच्या नावाने खातं काढलेलं असतं. गुण त्या नावावर जमत राहतात. काही जण स्वतः आजारी असतात. काही जण निव्वळ मशिनवेडे: नवीन कार्ड घेतलं, ते तापवून बघायचंय, मग निदान कोणाच्या कामी तरी येऊ दे. थंड मुलखातले काही जण हिवाळ्यापुरतेच चालू करतात, कारण खोलीही ऊबदार राहते. मला हे शेवटचं कारण सर्वांत प्रामाणिक वाटतं.

माझं कारण दयाळूपणाचं नाही, हे आधी सांगून टाकते. घरात असा आजार आला की बघत बसण्याची फार कामं वाट्याला येतात. गोळीची वेळ बघायची. पाऊल अडखळतं का ते बघायचं. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघायचं. करण्यासारखं मात्र थोडंच असतं, आणि जे असतं त्यातलं निम्मं बाबा करू देत नाहीत, त्यांचंही बरोबरच आहे. संशोधनाला देणगी द्यायची म्हटली तर माझी ऐपत बेताची. रक्तदान होतं तसं काही या आजारासाठी नाही. रात्री ते कार्ड चालू करून झोपणं ही एक गोष्ट अशी होती, की जिच्यात मला काहीतरी करता येत होतं आणि बाबांना कोणाचे उपकार घेतल्यासारखं वाटत नव्हतं. फोल्डिंग ॲट होममध्ये कोणत्या आजाराला प्राधान्य द्यायचं ते निवडता येतं. यादीत पार्किन्सन्स आहे, मी तो निवडला. निवडला म्हणजे दर वेळी तोच मिळतो असं नाही. त्याचे तुकडे नसले तर दुसऱ्या कशाचे येतात. सुरुवातीला कर्करोगाचा तुकडा आला की मला उगाच फसवल्यासारखं वाटायचं. मग एकदा विचार केला, आपण जो पार्किन्सन्सचा तुकडा करतो तो कोणासाठी? बाबांसाठी तर नाहीच. तेव्हापासून यादीकडे बघितलेलं नाही.

आता खर्च, कारण याबद्दल लोक गोड गोड बोलतात. "तुमचा कॉम्प्युटर नाहीतरी रिकामाच असतो" हे वाक्य २००० साली बरंचसं खरं होतं. तेव्हाचे प्रोसेसर रिकामे असतानाही जवळपास तेवढीच वीज खात. आताचे तसे नाहीत, काम नसलं की ते जवळपास झोपतात. त्यांना कामाला लावलं की वीज चढते. ग्राफिक्स कार्ड धरून १५० वॅट जास्त लागले आणि रोज ८ तास चाललं, तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. हे दानच आहे, फुकटची गोष्ट नाही. बिल जड जाणार असेल तर करू नये, किंवा कार्डाची ताकद सेटिंगमधून कमी करून करावं. थोडा वेग जातो, वीज बरीच वाचते. माझं कार्ड सत्तर टक्क्यांवरच चालतं. यासाठी मुद्दाम नवं मशिन घेणं मला तरी पटत नाही. तेवढे पैसे सरळ संशोधनाला द्यावेत.

लॅपटॉपचं सांगते, कारण माती मी तिथेच खाल्ली. कार्डाच्या आधी मी जुन्या लॅपटॉपवर सुरुवात केली होती, उत्साहात, पलंगावर गादीवर ठेवून. गादीने त्याच्या पोटाखालची हवेची जाळी बंद केली. सकाळी हात लावला तर चटका बसला, पंखा करवतीसारखा वाजत होता, आणि महिन्याभरात बॅटरी फुगून झाकण वर आलं. चूक पूर्ण माझी. लॅपटॉप सलग तासन् तास तापत राहण्यासाठी बनवलेला नसतो. ज्याला तोच वापरायचा असेल त्याने तो टणक, सपाट जागी ठेवावा, एखाददुसराच कोअर द्यावा, आणि अधूनमधून हात लावून बघावं. डेस्कटॉपमधली धूळ वर्षातून दोनदा तरी काढावी.

सुरक्षेचं थोडक्यात. प्रोग्राम प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरूनच घ्यावा. दुसरीकडून घेतलेल्या फाइलीत तुमच्या कार्डावर कोणी स्वतःसाठी बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी खणत बसेल. या कामाला तुमचे फोटो, कागदपत्रं काही लागत नाही. आणि ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. वीज त्यांची, मशिन त्यांचं, मग दान आपलं कसं?

खातं काढताना नावाच्या चौकटीत मी बाबांची आद्याक्षरं टाकली आहेत. त्यांना सांगितलं नव्हतं. बँकेत त्यांनी नवीन नमुना सही दिली त्याच आठवड्यात कधीतरी ते माझ्या खोलीत आले. बारीक बारीक पावलं टाकत, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि स्क्रीनवर वाचू लागले. आद्याक्षरं दिसली, त्यावर काही बोलले नाहीत.

"किती झालंय?"

"चौऱ्याऐंशी टक्के."

"झालं की कुठे जातं?"

मी जेन २१२चं आणि जेन २१३चं सांगितलं. आपण जिथे सोडू तिथून पुढचा उचलणार. तो कोण, कुठला, आपल्याला कळत नाही, त्यालाही आपण कळत नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं म्हणजे आपली अखेरची शिल्लक त्याच्या पानावर आरंभीची शिल्लक."

"हो, तसंच."

चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला त्यांना बराच वेळ लागला. परत डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीनच्या आणखी जवळ वाकले.

"आणि ती पुढे न्यायच्या आधी तपासतं कोण?"